लांब पल्ल्याची टाकी की फ्युएल सेल?

दादरच्या एका मित्राकडे साठच्या दशकातली एमजी मिजेट ही छोटी ब्रिटिश गाडी आहे. पावसाळ्याचे चार महिने ताडपत्रीखाली, एरवी रविवारी सकाळी वरळीपर्यंत चक्कर, हिवाळ्यात एखादी रॅली. तिची पेट्रोलची टाकी सहा इंपिरियल गॅलनची, म्हणजे जेमतेम २७ लिटर. लिटरला बारा किलोमीटर धरले तरी सव्वातीनशेच्या आसपास टाकी कोरडी. त्यातून हिचा काटा दोनशेलाच तळ गाठायचा. गोव्याचा बेत ठरला तेव्हा तो म्हणाला, "टाकी मोठी करून घेतो. रेसच्या गाड्यांना असते ना, ती फ्युएल सेलवाली."

एका दमात त्याने दोन वेगळ्या वस्तू एक करून टाकल्या. फ्युएल सेल म्हणजे धडकेत सहसा न फुटणारी टाकी, मोठी टाकी नव्हे. मोठी टाकी आणि फ्युएल सेल दोन्ही रेसिंगमधून आल्या, दोन्ही डिकीत बसतात, म्हणून हा घोळ नेहमीचा. (हायड्रोजनवर वीज करणारा फ्युएल सेल हे तिसरंच प्रकरण. नाव सारखं, संबंध शून्य.)

लांब पल्ल्याच्या टाकीचं काम एकच: जास्त पेट्रोल मावणं. १९६३च्या कॉर्व्हेटला नेहमीची टाकी २० अमेरिकन गॅलनची होती. तासन्‌तास चालणाऱ्या शर्यतींसाठी ३६ गॅलनची फायबरग्लासची टाकी जादा पैसे भरून मिळायची. पेट्रोल भरायला पिटमध्ये घ्यायचा एक थांबा वाचला की शर्यत हातात, एवढाच हिशोब. पोर्शने १९७४पासून ९११ला ८० लिटरची टाकी दिली, पण जागा काढायला स्टेपनी हवा काढून घडी होणारी केली. जागा फुकट मिळत नाही, कुठून तरी ती घ्यावीच लागते.

मिजेटमध्ये ती डिकीतून घ्यावी लागणार, म्हणजे मागच्या चाकांच्याही मागून. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आतबाहेर भरतं. तीस लिटर वाढवले की बावीस-तेवीस किलो शेपटीला लटकले. गाडी जेमतेम सातशे किलोची, त्यामुळे भरल्या टाकीने आणि रिकाम्या टाकीने ती दोन वेगळ्या गाड्यांसारखी वळते. टाकीच्या आत आडव्या पत्र्याचे पडदे नसतील तर खंडाळ्याच्या वळणावर सगळं पेट्रोल एका बाजूला धावतं, खेचनळीला हवा लागते आणि ऐन चढावर इंजिन खोकतं. पेट्रोलवर तरंगून काटा हलवणारा जुना फ्लोट नव्या खोलीशी जुळत नाही, मग काटा बेधडक खोटं बोलतो. आणखी एक गोष्ट सहसा कुणी विचारतच नाही, ती म्हणजे हवेची नळी. पेट्रोल दर अंशाला सुमारे हजारात एक भाग फुगतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं गार पेट्रोल ५० लिटर गच्च भरून गाडी मे महिन्यात उन्हात उभी केली आणि तापमान वीस अंशांनी चढलं, तर लिटरभर पेट्रोल बाहेर यायला बघतं. त्याला जागा ठेवलेली नसेल तर ते डिकीत येतं.

या सगळ्यात सुरक्षितता कुठेच आली नाही. मोठी टाकी म्हणजे तोच एकपदरी पत्रा, फक्त आत आग जास्त.

फ्युएल सेलचा जन्मच उलट्या काळजीतून झाला. १९६६मध्ये बेल्जियममधल्या स्पा इथल्या फॉर्म्युला वन शर्यतीत ड्रायव्हर जॅकी स्टुअर्ट पहिल्याच फेरीत पावसात घसरला आणि मोडलेल्या गाडीत अडकून पडला, अंगावर पेट्रोल गळत असताना. एक ठिणगी पुरली असती. १९७०पासून फॉर्म्युला वनमध्ये असे फ्युएल सेल सक्तीचे झाले. सेल म्हणजे रबर चढवलेल्या चिवट कापडाची पिशवी, बाहेरून धातूची पेटी, आत स्पंजसारखा फोम. धडक बसली की पेटी चेपते, पिशवी आकार बदलते, पण सहसा फाटत नाही. फोम पेट्रोलला डुचमळू देत नाही. गाडी उलटली तर झडप हवेची नळी बंद करते.

आता गंमत बघा: पेटी, पिशवी आणि फोम यांनीच जागा खाल्ल्यामुळे त्याच मापाच्या जागेत सेलमध्ये पेट्रोल कमीच मावतं. म्हणजे मित्राने फक्त सेल बसवला असता तर गोव्याच्या वाटेवर एक थांबा वाढला असता. शिवाय एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमाने या पिशवीचं आयुष्य पाच वर्षांचं, फार तर तपासणी करून थोडं वाढवून मिळतं. फोमही म्हातारा होतो, चुरा होऊन फिल्टरमध्ये अडकतो. ट्रॅकवर धावणाऱ्या गाडीसाठी हा खर्च मला पटतो. रविवारच्या वरळी-वारीसाठी नाही.

मोठ्या टाकीविरुद्ध माझं खरं म्हणणं मात्र मुंबईचंच आहे. आपल्या जुन्या गाड्या चालतात कमी, उभ्या जास्त. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि इथेनॉल पाणी ओढतं. अर्धी रिकामी टाकी समुद्राच्या दमट हवेत महिनोन्‌महिने श्वास घेत बसली की आतून गंज, तळाला पाणी. टाकी जितकी मोठी तितकं पेट्रोल शिळं. जुने रबरी पाइप आणि टाकीला आतून लावलेले जुने लेपही इथेनॉलपुढे टिकत नाहीत. ते आधी बदलावेत, टाकीचं नंतर बघू.

"जुन्याच टाकीला वेल्डिंगने पत्रा जोडून देतो" म्हणणारा कारागीर भेटला तर हात जोडून परत यावं. हवेत दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असली की ती पेट घेते, आणि ‘रिकाम्या’ टाकीत नेमकं तेवढंच उरलेलं असू शकतं.

कायद्याची बाजूही बघायला हवी. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी २०२१च्या नियमांनी करता येते, ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात असावी ही अट आहे. डिकीचा तळ कापून बसवलेली टाकी तपासणीला समजावून सांगणं सोपं नाही.

मित्राने शेवटी जुनी टाकी उतरवून साफ करायला दिली. तेव्हा कळलं की फ्लोटला टाचणीएवढं भोक होतं. त्यात पेट्रोल शिरून तो जड होऊन अर्धवट बुडाला होता, आणि काटा शून्यावर टेकायचा तेव्हा टाकीत अजून आठ-नऊ लिटर शिल्लक असायचे.