बारा बोअरची नळी बदलायचीय? आधी लायसनचं बघा, मग चोकचं

जुन्या दुनळी बंदुकीची नळी आतून गंजून खड्डे पडले किंवा दोन नळ्यांमधली पट्टी सुटायला लागली की आपला माणूस पहिला फोन डीलरला लावतो, "नळी मिळेल का हो?" आणि मिळतेय म्हटल्यावर ॲडव्हान्स पण देऊन मोकळा होतो. इथेच घोळ सुरू होतो. 1959 च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग धरलेले आहेत, म्हणजे बॅरल हे काही स्कूटरच्या सायलेन्सरसारखं दुकानात जाऊन उचलून आणायचं सामान नाही. लायसन लागतं, विकणाऱ्याकडेही लागतं, आणि ती बसवून देणाऱ्या मिस्त्रीकडेही दुरुस्तीचं लायसन लागतं. गावातला लेथवाला कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे हे काम द्यायचं नाही, त्यात तो पण अडकतो आणि तुम्ही पण.

तर सुरुवात कागदापासून. आपलं लायसन चालू आहे का बघा. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीनंतर मुदत पाच वर्षांची झालीय, आधी तीन होती. त्यावर यूआयएन, म्हणजे लायसनधारकाचा वेगळा ओळख नंबर, असला पाहिजे. मग बंदुकीच्या नोंदीची ओळ नीट वाचा, बोअर (नळीच्या आतल्या रुंदीचं माप), प्रकार, बनवणारा आणि नंबर. आता नळ्या उघडून खालच्या सपाट भागावर टॉर्च मारा, दुनळीत बऱ्याचदा नंबर तिथे पण ठोकलेला असतो आणि ॲक्शनवर, म्हणजे नळी जिथे बसते त्या मागच्या यंत्रणेवर, पण. नळी बदलली की हे दोन नंबर जुळणार नाहीत, आणि उद्या तपासणीत कोणी विचारलं तर लायसनवर लिहिलेली बंदूक हीच, हे सिद्ध करायचं काम तुमच्या गळ्यात. जुना नंबर नव्या नळीवर ठोकून घेऊ असला सल्ला कोणी दिला तर तिथून उठा. ओळखचिन्ह खोडणं, बदलणं, खोटं ठोकणं हा वेगळा गुन्हा आहे.

म्हणून खरेदीच्या आधी लायसन देणाऱ्या ऑफिसात अर्ज टाका. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे अशा कमिशनरेटच्या शहरात पोलीस आयुक्त, बाकी जिल्ह्यात कलेक्टर साहेब जिल्हादंडाधिकारी म्हणून. अर्जात साध्या भाषेत लिहा की नळी का बदलायचीय, बंदूक कुठली, नंबर काय, नवी नळी कोणत्या डीलरकडून, किती इंची, चेंबर (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) किती, तिच्यावर नंबर काय. सोबत ओरिजिनल लायसन आणि झेरॉक्स, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, लायसनधारक गनस्मिथने नळी खराब आहे असं लिहून दिलेला कागद आणि डीलरचं कोटेशन. कोटेशन घ्या, बिल नको. परवानगी लेखी हातात आली की पैसे द्या, बसवून घ्या, बंदूक दाखवा आणि नोंद करून घ्या. ऑफिसात दिलेल्या अर्जाच्या पोचेवर शिक्का आणि आवक नंबर घ्यायला विसरू नका, तीन महिन्यांनी "अर्ज आलाच नाही" ऐकायचं नसेल तर.

नळी दुसऱ्या राज्यातून आणायची किंवा बंदूक तिकडे बसवायला न्यायची असेल तर लायसनवर क्षेत्र काय लिहिलंय ते बघा. फक्त जिल्हा किंवा महाराष्ट्र असेल तर बाहेर न्यायला वेगळी परवानगी आधी. आणि निवडणूक तोंडावर असेल तर थांबाच, आचारसंहितेत बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात आणि तुमची बंदूक अर्धी मिस्त्रीकडे, अर्धी ठाण्यात अशी अवस्था नको.

ज्यांच्याकडे लायसनच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वय 21 पूर्ण हवं, अर्ज ए-1 नमुन्यात, सोबत जन्मतारखेचा आणि राहण्याचा पुरावा, फोटो, मानसिक-शारीरिक तब्येतीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट, बंदूक सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, मग पोलीस व्हेरिफिकेशन. कारण शेतीचं असेल तर सात-बारा. पिकाच्या राखणीसाठी कायदा आधी ठासणीच्या बंदुकीचा विचार करतो, ती पुरणार नाही असं लायसन देणाऱ्या ऑफिसरला पटलं तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. स्वसंरक्षण किंवा खेळ म्हणून घ्यायची तर नळी किमान 20 इंच. आणि अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहत असाल, म्हणजे राधानगरी, कोयना, ताडोबाच्या बाजूला असे बरेच जण आहेत, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती असल्याशिवाय नवं लायसन मिळत नाही. बंदूक आहे म्हणून रानडुक्कर मारता येतं असंही नाही, त्याला वनखात्याची परवानगी वेगळी.

आता खरा प्रश्न, नळी बदलायची गरज आहे का. बरेचदा तक्रार अशी असते की "छर्रे फार पसरतात" किंवा "फार गोळा होऊन जातात", आणि हे नळीचं नाही, चोकचं काम. चोक म्हणजे तोंडाशी नळी थोडी आवळलेली. बारा बोअरची आतली रुंदी साधारण 18.5 मिलिमीटर, त्यात सिलिंडर म्हणजे अजिबात आवळ नाही, इम्प्रूव्हड सिलिंडर म्हणजे पाव मिलिमीटर, मॉडिफाइड अर्धा, फुल एक मिलिमीटरच्या आसपास. 40 यार्डावर 30 इंची गोलात जुन्या हिशोबाने सिलिंडरचे 40 टक्के छर्रे बसतात, इम्प्रूव्हडचे 50, मॉडिफाइडचे 60, फुलचे 70. रेंजवर मोठा पांढरा कागद लावून एक-दोन काडतुसं झाडून मोजा, खडकीची शक्तिमान आणि परदेशी काडतूस एकाच नळीतून वेगळा पसारा देतात हे तिथेच दिसेल. कधीकधी काडतूस बदललं की काम होतं आणि कुठल्याच ऑफिसची पायरी चढावी लागत नाही.

आपल्याकडच्या जुन्या दुनळीत चोक नळीतच घडवलेला असतो, बहुतेक उजवी मोकळी आणि डावी घट्ट. तो बदलायला सुटी चोक ट्यूब, म्हणजे तोंडाशी बसवायची छोटी नळी, नसते. मग काही शहाणे तोंडाकडून दोन इंच नळी कापून चोक उडवतात. नळी लांडी करणं हेच त्या कामाच्या वेगळ्या लायसनशिवाय बेकायदा आहे, उरलेली 20 इंचापेक्षा जास्त असली तरी. पंप ॲक्शन (पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायची) किंवा स्पोर्टिंगच्या बंदुकीत मात्र आटे पाडलेले असतात आणि चोक ट्यूब हाताने फिरवून निघते. प्रत्येक कंपनीचे आटे वेगळे, बेरेटाची मोबिलचोक ब्राउनिंगच्या इन्व्हेक्टरमध्ये जात नाही, आणि जबरदस्तीने अर्धी आत गेली तर काढताना आटेच घेऊन येते. बऱ्याच ट्यूबच्या कडेला खाचा असतात, एक खाच म्हणजे फुल, खाचा वाढतील तसा चोक मोकळा. एलजी, एसजी (मोठे छर्रे) किंवा स्लग (एकच गोळी) वापरणाऱ्यांनी मोकळाच ठेवा, आणि स्टीलचे छर्रे फुलमधून कधीच नाहीत. ट्यूबशिवाय झाडू पण नका, आटे खराब होतात. ट्यूब पण डीलरकडूनच, बिलासकट.

नळीच घ्यायची ठरली तर चेंबर आधी बघा. 65, 70, 76 मिलिमीटर, यातलं लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये बसतं, आणि तोच धोका, कारण कागदावर लिहिलेली लांबी उडाल्यानंतर उघडलेल्या काडतुसाची असते. ते उघडायला जागा मिळाली नाही की दाब नको तेवढा वाढतो. प्रूफ टेस्टचा, म्हणजे जास्त दाबावर नळी तपासल्याचा, शिक्का नसलेली नळी फुकट मिळाली तरी घेऊ नका. पंप ॲक्शनची नळी मॉडेल आणि चेंबर बरोबर असेल तर पुढची टोपी काढून बसते, पण दुनळीची नळी ॲक्शनला हाताने घासून बसवलेली असते, त्याच मॉडेलची दुसरी आणली तरी सैल किंवा घट्ट येणारच, आणि त्या बसवण्याची मजुरी ऐकून कधीकधी दुसरी जुनी बंदूक परवडते. तसं करायचं तर ती वेगळी नोंद, आणि आता दोनच बंदुका ठेवता येतात.

उतरवलेली जुनी नळी भंगारात द्यायची नाही. तीही शस्त्राचा भागच. डीलरकडे जमा करा आणि नंबर लिहिलेली पावती लायसनच्या फाइलला लावून ठेवा.