कुंथणं वेगळं, खडा वेगळा: डब्याचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या पोटाविषयी

तीन आठवड्यांचं बाळ दूध पिऊन शांत पडलेलं असतं. मग ते अंग ताठ करतं, पाय पोटाशी ओढतं, चेहरा लालबुंद होतो, कण्हल्यासारखा आवाज निघतो आणि रडणं सुरू होतं. दहा मिनिटं, कधी पंधरा. घरातलं कोणीतरी म्हणतं, "डब्याच्या दुधानं खडा झालाय त्याला," आणि दुसरं कोणी शी काढायला गुदद्वारात घालायचा विड्याच्या पानाचा देठ शोधायला उठतं.

देठ शोधण्याआधी लंगोट उघडून बघा. आत मऊ, पिठल्यासारखी शी असेल, तर एवढं रडूनही बाळाला बद्धकोष्ठता नाही. ते फक्त कुंथत होतं. कुंथणं आणि खडा होणं या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात, पण त्यांची कारणं वेगळी आणि करायचं कामही वेगळं. घोटाळा होतो तो चेहऱ्यावरून निदान केल्यामुळे.

बाळ का कुंथतं

शी बाहेर यायला दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात. पोटाच्या स्नायूंनी वरून जोर लावायचा आणि त्याच क्षणी गुदद्वाराभोवतीचे स्नायू सैल सोडायचे. आपल्याला हे जन्मजात वाटतं, पण ते शिकावं लागतं. तान्हं बाळ जोर लावतं आणि खालचा स्नायूही आवळून धरतं. म्हणजे दार आतून ढकलायचं, पण कडी काढायची राहून जाते. त्यातून बाळ उताणं, त्यामुळे बसल्यावर जी मदत होते तीही नाही. रडण्यानं पोटातला दाब वाढतो, म्हणून बऱ्याचदा रडणं हाच त्याचा जोर असतो. प्रत्येक वेळी ते दुखण्याचं रडणं नसतं.

पोटाच्या विकारांसाठी जगभर वापरले जाणारे रोम निकष २०१६ साली सुधारले गेले. त्यांत या कुंथण्याची स्वतंत्र नोंद आहे: बाळ ९ महिन्यांच्या आतलं, शी होण्याआधी किमान १० मिनिटं जोर करणं आणि रडणं, शी झालीच तर मऊ, आणि बाकी बाळ ठणठणीत. यावर औषध नाही आणि ते लागतही नाही. बहुतेक बाळांना काही आठवड्यांत कडी काढायची युक्ती आपोआप जमते.

खडा झालाय हे कशावरून

खडा म्हणजे शीच कोरडी आणि कठीण झालेली: शेळीच्या लेंड्यांसारख्या सुट्या गोळ्या किंवा भेगाळलेला जाड तुकडा. एक सोपी खूण सांगतो. लंगोट थोडा तिरका धरा. मऊ शी कापडाला माखून बसते. खडा घरंगळतो आणि मागे जेमतेम डाग राहतो. कधी खड्यावर लाल रक्ताची बारीक रेघ दिसते. कठीण शीमुळे गुदद्वाराशी चीर पडल्याची ती खूण असते. तरीही एवढ्या लहान बाळाच्या शीत रक्त दिसलं, तर डॉक्टरांना दाखवायचंच.

किती दिवसांनी शी झाली, यावरून मात्र ठरवू नका. डब्याचं दूध पिणारी तान्ही बाळं बहुधा दिवसातून एकदा ते चारदा शी करतात, पण एखादं दिवसाआड करतं आणि मऊ करतं. दूध पिणं, शू आणि वजन ठीक असेल, तर त्यात काळजीचं काही नाही. उलट दिवसातून तीनदा कठीण गोळ्या पडत असतील, तर तो खडाच. आईच्या दुधावरच्या बाळाची शी मोहरीसारखी पिवळी, दाणेदार, पातळसर असते. तिच्याशी तुलना केली की डब्याच्या दुधाची घट्टसर, करडी-पिवळी किंवा हिरवट शी उगाचच बिघडलेली वाटते. हिरवटपणा बऱ्याचदा दुधातल्या लोहामुळे येतो आणि तो निरुपद्रवी आहे. लोहानं खडा होतो, हा समज नियंत्रित चाचण्यांत टिकलेला नाही. त्या भीतीनं कमी लोहाचा डबा शोधू नका.

रोम निकषांप्रमाणे लहान मुलांची साधी बद्धकोष्ठता ठरवायला त्रास किमान एक महिना टिकावा लागतो. मग पंधरा दिवसांच्या बाळाला तो शिक्का बसूच शकत नाही. एवढ्या लहान बाळाला खरोखरच कठीण शी होत असेल, तर "होईल हळूहळू" म्हणून सोडायचं नाही. कारण शोधायचं, आणि पहिलं कारण शोधायची जागा स्वयंपाकघराचा ओटा.

चूक बहुतेकदा चमच्यात असते

डब्याच्या दुधाची शी मुळातच थोडी घट्ट असते. त्यातलं केसिन हे प्रथिन पोटात जास्त घट्ट साकळतं. बऱ्याच पावडरींत पामतेल असतं. त्यातलं पामिटिक आम्ल आतड्यात सुटं होऊन कॅल्शियमला चिकटतं आणि साबणासारखा न विरघळणारा साका तयार होतो, तो शीला घट्टपणा देतो. एवढ्यावर शी पिठल्यासारखी राहते. तिचा खडा व्हायला सहसा आणखी काहीतरी चुकावं लागतं.

आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर प्रमाण असतं ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा. तरी आपल्या डब्यावरचं वाचाच, कारण काहींचं वेगळं असतं. १९९२ च्या बालदुग्धपर्याय कायद्यानं दूध कसं बनवायचं हे डब्यावर छापणं सक्तीचं आहे. तो मजकूर बारीक असतो आणि डबा उघडताना कोणी वाचत नाही.

आता मापाचा चमचा हातात घ्या. शिगोशीग भरलेला चमचा आणि सुरीच्या पाठीनं सपाट केलेला चमचा यांत बराच फरक पडतो. पावडर डब्याच्या कडेला दाबून भरली की आणखी जास्त मावते. भुरभुरीत उचलायची, सपाट करायची, दाबायची नाही. एका डब्याचा चमचा दुसऱ्या डब्यात वापरायचा नाही. जुना चमचा जपून ठेवणाऱ्या घरांत ही चूक हमखास होते.

दुसरी चूक क्रमाची. आधी पाणी, मग पावडर. बाटलीत आधी दोन चमचे पावडर टाकून ६० च्या रेघेपर्यंत पाणी भरलं, तर पावडर जागा घेते आणि पाणी पडतं सुमारे ५४ मिली. प्रत्येक पाजणीला असं होत राहिलं, तर दिवसभर बाळ दाट दूध पीत राहतं. मोठं आतडं शीतलं पाणी ओढून घेतं, आणि बाळाला पाणी मुळातच कमी मिळालं असेल तर ते जास्तच ओढतं. उरतो खडा. मूत्रपिंडांवरही क्षारांचा भार पडतो.

पाणी उकळून झाकून ठेवावं आणि अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ते ७० अंशांच्या खाली जाण्याआधी, पावडर मिसळावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ही काळजी. मग बाटली नळाखाली धरून कोमट करायची. बनवलेलं दूध परत उकळायचं नाही. पाणी उडून जातं आणि दूध आटतं. दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्यायचं.

भूक भागत नाही म्हणून पेज, नाचणीचं सत्त्व, बिस्किट किंवा साखर बाटलीत घालतात, तेही बंद. ६ महिन्यांनंतरची पावडर तान्ह्याला नको. गाई-म्हशीचं दूध, पाणी घातलेलं असलं तरी, वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून नको. त्यात केसिन जास्त, क्षार जास्त आणि लोह नगण्य.

एकूण दूध पुरेसं जातंय का, हे पहिल्या आठवड्यानंतर साधारण असं मोजतात: वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १५० मिली. बाळ ३.२ किलोचं असेल तर ४८० मिली. आठ पाजण्या केल्या तर दर वेळी ६० मिली पाणी आणि दोन सपाट चमचे. दिवसात किमान सहा लंगोट ओले व्हायला हवेत. कमी होत असतील, तर दूध कमी पडतंय किंवा दाट होतंय.

आईला थोडंही दूध येत असेल, तर दर पाजणीआधी बाळाला अंगावर घ्या. आईच्या दुधानं शी जितकी मऊ होते तितकी कोणत्याही डब्यानं होत नाही, आणि चोखण्यानं दूध वाढतं. योग्य मदत मिळाली तर बंद झालेलं दूधही पुष्कळदा परत येतं.

मग करायचं काय

नुसतं कुंथत असेल, तर बाळाला जवळ घ्या. उताणं ठेवून गुडघे पोटाशी हलके दाबून धरा, सोडा. पाय सायकल चालवल्यासारखे फिरवा. दूध पाजून अर्धा तास झाल्यावर कोमट तेलाच्या बोटांनी पोट चोळा. बाळाच्या उजव्या कुशीखालून वर, बेंबीच्या वरून आडवं, मग डाव्या बाजूनं खाली. मोठं आतडं असंच वळलेलं आहे. याचा पुरावा भक्कम नाही, पण बाळ शांत होतं आणि इजा होत नाही.

गुदद्वारात मात्र काही घालू नका: थर्मामीटर, कापसाची काडी, साबणाची वात, एरंडेल लावलेला देठ. देठानं लगेच शी होते म्हणून तो रामबाण वाटतो. पण बाहेरून टोचलं की मगच कडी काढायची, अशी सवय बाळाला लागते आणि जे आपोआप शिकायचं ते लांबतं. साबणानं आतली नाजूक त्वचा भाजते. देठ आणि काडी टोचून जखम होऊ शकते.

खडा होत असेल, तर आधी वरचं माप दुरुस्त करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. दर चार दिवसांनी डबा बदलू नका. कशानं काय झालं हेच मग कळत नाही. दूध पातळ करू नका आणि पहिल्या महिन्यात वरून पाणी पाजू नका. तान्ह्याच्या मूत्रपिंडांना जादा पाणी झेपत नाही, रक्तातलं सोडियम उतरतं आणि झटके येऊ शकतात. ग्लिसरिनची वात किंवा शी मऊ करणारं लॅक्टुलोज हे औषध डॉक्टरांनी सांगितलं तरच. मोठ्यांच्या एनिमाची बाटली तर कधीच नाही. त्यातल्या फॉस्फेटनं तान्ह्याच्या जिवाला धोका होतो.

आणि गुटी. हिरडा, मुरडशेंग, वेखंड सहाणेवर उगाळताना आजीच्या मनात मायाच असते, तिच्याशी भांडायचं कारण नाही. पण उगाळलेला हिरडा किती वेढे म्हणजे किती औषध, हे कोणालाच मोजता येत नाही. सहाण निर्जंतुक नसते. आणि गुटी मधातून चाटवली जाते, हे सगळ्यात वाईट. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. या आजाराचं पहिलं लक्षण बऱ्याचदा बद्धकोष्ठताच असतं. मग पापण्या जड होतात, रडणं क्षीण होतं, मान लुळी पडते, दूध ओढता येत नाही. ज्या त्रासावर मध चाटवायचा, तोच त्रास मधानं आणायचा, असं होतं. बारशाच्या दिवशीचं मधाचं बोटही नको.

ज्यात थांबायचं नाही

जन्मानंतरची पहिली काळी, चिकट शी बहुतेक बाळांना २४ तासांत होते. ४८ तासांतही झाली नसेल, तर तपासणी हवीच. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच मज्जापेशी, म्हणजे नसांच्या पेशी, नसल्या, की तो भाग सैल पडत नाही आणि मागे सगळं तुंबतं. डेन्मार्कच्या हॅराल्ड हर्शस्प्रंग यांनी १८८६ साली हा आजार मांडला, त्यांच्याच नावानं तो ओळखला जातो. साधारण ५,००० बाळांमागे एकाला होतो आणि शस्त्रक्रियेनं सुधारतो. पोट फुगतं, वजन वाढत नाही, आणि पुढे ताप येऊन एकदम घाण वासाचे जुलाब सुरू झाले तर ती तातडीची वेळ असते.

थायरॉईड कमी असणं हेही कारण असू शकतं. बाळ सुस्त, अंग गार, जीभ मोठी, कावीळ लांबलेली. जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन टीएसएच, म्हणजे थायरॉईडची चाचणी, तपासलं होतं का, ते फाईलमध्ये बघा.

हिरवी उलटी, टणक फुगलेलं पोट, दूध नाकारणं किंवा १००.४ फॅरनहाइट अथवा त्याहून जास्त ताप यातलं काहीही दिसलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. पांढरट, मातकट शी दिसली तर ती खड्याची तक्रार नसून यकृताची असू शकते. तिथे आठवडे मोजले जातात, त्यामुळे त्याच दिवशी दाखवा.

डॉक्टरांकडे जाताना शी असलेल्या लंगोटाचा दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो न्या. सोबत डबा आणि त्यातला चमचा न्या, आणि घरी जसं बनवता तसंच दूध त्यांच्यासमोर बनवून दाखवा.