काळी बिन दोन आठवड्यांनी: मोठ्या बिनचा अर्ज कोणी, कधी आणि कसा करायचा

इंग्लंडमध्ये नवीन घरात राहायला गेलं की पहिला गोंधळ बिनचा, म्हणजे चाकांच्या कचरापेटीचा होतो. या गुरुवारी कचऱ्याची गाडी, पुढच्या गुरुवारी रिसायकलिंगची. रोज घंटागाडीची सवय असलेल्या आपल्या माणसाला चौदा दिवस कचरा दारात ठेवायचा हेच पटत नाही. मग पहिल्याच महिन्यात 'मोठी बिन द्या' म्हणून कौन्सिलकडे (तिथल्या पालिकेकडे) अर्ज जातो आणि बहुतेक वेळा तो नाकारला जातो.

नाकारण्यामागे कारण आहे. काळी बिन (रिसायकल न होणाऱ्या कचऱ्याची) लहान आणि तिची फेरी उशिरा, म्हणजे माणूस आपोआप कचरा वेगळा करायला लागतो, हाच या पद्धतीचा गाभा. 2023 मध्ये इंग्लंडमधल्या घरगुती कचऱ्यापैकी 44 टक्क्यांच्या आसपास रिसायकल झाला आणि हा आकडा कित्येक वर्षं जवळपास तिथेच अडकला आहे. त्यामुळे काही कौन्सिलनी आणखी ताणून पाहिलं. मँचेस्टरजवळच्या बरी (Bury) कौन्सिलने तर 2014 मध्येच काळी बिन तीन आठवड्यांवर नेली.

पण खरी किल्ली काळ्या बिनमध्ये नाही, ती ओल्या कचऱ्याच्या कॅडीत, म्हणजे झाकणाच्या डब्यात आहे. 31 मार्च 2026 पासून इंग्लंडमध्ये घरांचा अन्नकचरा दर आठवड्याला वेगळा नेण्याचा नियम लागू झाला (काही कौन्सिलना त्यासाठी पुढची तारीख मिळाली आहे). ओट्यावर ठेवायची छोटी कॅडी आणि बाहेर झाकण लॉक होणारी मोठी, असा तो जोड. चहाचा चोथा, कांद्याची सालं, शिळी पोळी, आंब्याची कोय, मटणाची हाडं, सगळं त्यात. तळणीचं उरलेलं तेल ओतू नका, द्रव चालत नाही. आपल्या स्वयंपाकघरात बराचसा कचरा ओलाच असतो. तो रोजच्या रोज कॅडीत गेला की काळ्या बिनला ना वास येतो, ना ती भरते. अर्ज करण्याआधी महिनाभर हे करून बघा, कारण फॉर्ममध्ये नेमकं हेच विचारतात.

मोठी बिन कोणाला मिळते? आकडे कौन्सिलगणिक बदलतात, पण सहसा घरात पाच किंवा सहा माणसं कायमची राहत असतील, डायपर वापरणारी मुलं असतील किंवा आजारपणामुळे जास्तीचा कचरा होत असेल तर. 'कायमची' हा शब्द महत्त्वाचा. बाळंतपणासाठी सहा महिने आलेले आईबाबा सहसा मोजत नाहीत, मग डायपरचे डोंगर त्यांनीच उपसलेले असले तरी.

काय हाताशी ठेवायचं? पोस्टकोडसकट पत्ता, कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) खात्याचा क्रमांक, घरातल्या सगळ्यांची नावं आणि मुलांच्या जन्मतारखा. आजारपणाचं कारण असेल तर थोडक्यात माहिती. काही ठिकाणी डॉक्टरची चिठ्ठी मागतात. अर्ज सहसा कौन्सिलच्या वेबसाइटवर होतो. कधी कधी माणूस घरी येऊन बिन उघडून बघतो. आत डबे-बाटल्या दिसल्या तर अर्ज तिथेच संपला. मंजुरीही कायमची नसते, मूल डायपरमधून सुटलं की जादा जागा परत घेतात. इन्सुलिनच्या सुया मात्र कुठल्याच बिनमध्ये टाकायच्या नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा पिवळा डबा असतो, चौकशी दवाखान्यात किंवा फार्मसीत करायची.

घरातल्या कोणालाच बिन रस्त्यापर्यंत ओढता येत नसेल, वयामुळे किंवा अपंगत्वामुळे, तर 'असिस्टेड कलेक्शन'चा वेगळा अर्ज असतो. गाडीवाले दारातून बिन नेतात आणि परत आणून ठेवतात. घरात धडधाकट तरुण मुलगा असेल तर ही सोय मिळत नाही.

रिसायकलिंग सहसा सुटंच टाकायचं. आमच्या घरी पहिल्याच खेपेला मी दह्याचे धुतलेले डबे आणि बाटल्या काळ्या पिशवीत नीट बांधून निळ्या बिनमध्ये ठेवल्या, आपल्याकडच्या शिस्तीने. संध्याकाळी बिन तशीच भरलेली आणि हँडलला एक टॅग लटकलेला. पुढचे दोन आठवडे डबे गॅरेजमध्ये. (आमच्याकडे निळी, तुमच्याकडे हिरवी असेल, रंग कौन्सिलचा.) कुरकुरीत वेफर्सची पाकिटं आणि पातळ पिशव्या अजून बऱ्याच कौन्सिल घेत नाहीत, त्यासाठी 31 मार्च 2027 ची मुदत आहे. तोवर मोठ्या सुपरमार्केटच्या दारातली पेटी बघा.

बिन सकाळी सहा-सातच्या आत बाहेर हवी, झाकण बंद, शेजारी जादा पिशवी नको. गाडी चुकून पुढे गेली तर एक-दोन कामकाजाच्या दिवसांतच ऑनलाइन कळवावं लागतं. वारंवार चुकीचं टाकून शेजाऱ्यांना त्रास झाला तर आधी लेखी सूचना आणि मग 60 ते 80 पौंडांचा दंड होऊ शकतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या बिन्स सामायिक असतात, तिथे मोठ्या बिनची बोलणी मॅनेजमेंट कंपनीशी. आणि घर बदलताना बिन सोबत न्यायची नाही. ती कौन्सिलची, त्या घरासाठी दिलेली असते. नव्या पत्त्यावर जादा बिन हवी असेल तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून.