तेल शिजतं तळ्यात, सापडतं नदीत

खनिज तेल म्हटलं की समुद्र, हे आपल्या डोक्यात इतकं फिट बसलंय की राजस्थानातल्या बाडमेरच्या वाळवंटात तेल लागलं म्हटल्यावर बरेच जण चक्रावतात. तिथलं मंगला फील्ड 2004 साली सापडलं, आणि त्यामागे समुद्र नाहीये, एक गाडलं गेलेलं तळं आहे आणि त्याच्याहीआधी वाहून गेलेल्या नद्या.

तळ्याचं काम आधी बघू. खोल तळ्यात बऱ्याचदा तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, मग वरून मेलेलं शेवाळ खाली पडतं ते फारसं कुजत नाही, चिखलात थरावर थर साचत जातं. अमेरिकेतल्या ग्रीन रिव्हर खडकात (नाव नदीचं, गाळ तळ्याचा!) हे थर कागदासारखे पातळ दिसतात, मधेच एखादा अख्खा मासा, आणि ताजा तुकडा फोडला तर चक्क तेलाचा वास. पण हा खडक जवळपास 5 कोटी वर्षं जुना असूनही बऱ्याच ठिकाणी पुरेसा खोल गेलाच नाही, त्यामुळे तेल शिजायचंच राहिलं, दगड भट्टीत तापवला तरच निघतं. जमिनीखाली हीच भट्टी साधारण 60 ते 120 अंशांची लागते, म्हणजे ढोबळमानाने 2 ते 4 किलोमीटर खोली.

आता तयार झालेलं तेल चिखलात राहून उपयोग नाही, त्याला शिरायला जागा हवी आणि ती देते नदीची वाळू. इथेच खरी गंमत आणि खरी डोकेदुखी. नदी वळणाच्या बाहेरच्या काठाला खाते आणि आतल्या काठाला वाळू टाकते, पुरात मात्र आजूबाजूला नुसता चिखल पसरवते, म्हणजे एका विहिरीत वाळूचा जाड थर आणि काहीशे मीटरवरच्या दुसरीत फक्त चिकणमाती असं सहज होतं. म्हणून जिऑलॉजिस्ट गॅमा रे लॉगवर (विहिरीतल्या खडकाचा नैसर्गिक किरणोत्सार खोलीनुसार दाखवणारा आलेख) घंटेचा आकार शोधत बसतात: खाली भरड वाळू, वर जाताना बारीक होत गाळ. तो दिसला की वळणाचा आतला काठ असण्याची शक्यता बरीच. सिस्मिक डेटा (जमिनीत लहरी सोडून मिळवलेलं खालच्या थरांचं चित्र) चांगला असेल तर आडव्या कापात अख्खी नागमोडी नदी उमटते, कोट्यवधी वर्षं गाडलेली.

1959 साली सापडलेलं चीनचं दाचिंग फील्ड पण तळ्याच्याच तेलाचं. अशा तेलात मेण बऱ्याचदा जास्त असतं. मंगलाचं तेल साधारण 40 अंशांच्या आसपासच थिजायला लागतं, म्हणून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंतची शेकडो किलोमीटरची पाइपलाइन सगळीकडे गरम ठेवावी लागते.