राजीनामा व पदपूर्ती (मराठवाडा)

राजीनामा व पदपूर्ती : मंत्र्याने किंवा लोकप्रतिनिधीने मुदतीआधी पद सोडणे आणि ती जागा दुसऱ्याने भरली जाणे. या नोंदीत वैयक्तिक स्वरूपाच्या प्रकरणांमुळे (नातलगांना लाभ, खासगी वर्तन, निकटवर्तीयांवरील गुन्हे) दिल्या गेलेल्या राजीनाम्यांचा आणि त्यानंतरच्या पदपूर्तीचा विचार मुख्यतः मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपुरता केला आहे. असे प्रकरण उघडकीस आले म्हणून पद सोडलेच पाहिजे, असे राज्यघटना म्हणत नाही आणि लोकप्रतिनिधित्व कायदाही म्हणत नाही. न्यायालयात दोषी ठरून दोन वर्षे वा अधिक शिक्षा झाल्यास अपात्रता येते, तो विषय वेगळा.

शब्द व अर्थ : ‘राजीनामा’ हा अरबी ‘राजी’ (संमत, खूश) आणि फार्सी ‘नामा’ (लेख) यांपासून झालेला शब्द. त्याचा मूळ अर्थ संमतिपत्र. मराठेकालीन न्यायपद्धतीत पंचायतीचा निवाडा मान्य करू, असे वादी-प्रतिवादींनी लिहून दिलेले पत्र म्हणजे राजीनामा. उर्दूत आणि हिंदी मुलखातील कचेऱ्यांत हा शब्द आजही तडजोडीच्या लेखासाठी वापरतात. पद सोडण्याला तिकडे ‘इस्तिफा’ म्हणतात. मराठीत ‘पदत्याग’ हा अर्थ कसा आला, याचे दोन खुलासे संभवतात. पहिला असा, की नोकरी स्वखुशीने सोडत असल्याचे लिहून देण्याच्या कचेरीतील रीतीतून तो थेट आला. दुसरा जमीनमहसुलाशी निगडित आहे. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीत कब्जेदार जमीन सोडताना सरकारला ‘राजीनामा’ लिहून देई आणि नवा कब्जेदार ‘कबुलायत’ (जमीन स्वीकारल्याचा लेख) देई. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेत कब्जा सोडण्याची तरतूद कलम ७४ मध्ये होती. जुना हक्क सुटणे आणि नवा माणूस त्याच जागी येणे या दोन्ही गोष्टी या जोडकागदात एकत्र दिसतात, म्हणून दुसरा खुलासा अधिक सयुक्तिक वाटतो. मात्र अर्थ नेमका केव्हा पालटला हे सांगताना एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास, यापलीकडे जाणे धाडसाचे ठरेल.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तेथील कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे जुन्या दप्तरात ‘इस्तिफा’ हा शब्द अपेक्षित आहे. अरबी धातूनुसार त्याचा अर्थ ‘माफी मागणे, मोकळीक मागणे’ असा होतो. एकच कृती, एका शब्दात ती संमती, तर दुसऱ्यात क्षमायाचना. पुढील सर्व कायदेशीर वाद यांपैकी पहिल्या शब्दाभोवती, म्हणजे देणारा ‘राजी’ होता की नाही याभोवती, फिरतात.

मंत्रिपद : सर्वसामान्य वापरात ‘राजीनामा दिला’ एवढेच म्हटले जाते आणि त्यातून गोंधळ होतो. मंत्रिपदाचा राजीनामा आणि सदस्यत्वाचा राजीनामा हे दोन स्वतंत्र कागद आहेत. मंत्री आपला राजीनामा मुख्यमंत्र्यांकडे देतो, मुख्यमंत्री तो राज्यपालांकडे पाठवतात आणि स्वीकृतीनंतर पद रिकामे होते. आमदारकी तशीच राहते. नवा मंत्री मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने राज्यपाल नेमतात (अनुच्छेद १६४); तो पद व गोपनीयता अशा दोन शपथा घेतो आणि त्यानंतर खातेवाटप होते. तोवर खाते मुख्यमंत्र्यांकडे किंवा एखाद्या सहकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून असते. नवा मंत्री विधिमंडळाचा सदस्य नसल्यास सहा महिन्यांत निवडून यावे लागते. ९१ व्या घटनादुरुस्तीने (२००३) मंत्रिमंडळाला सदस्यसंख्येच्या १५ टक्के अशी मर्यादा घातली. २८८ सदस्यांच्या महाराष्ट्र विधानसभेत ती मुख्यमंत्र्यांसह ४३ होते. त्यामुळे मंत्रिमंडळ भरलेले असताना एका राजीनाम्याने रिकामी होणारी एक जागा किती मोलाची, हे वेगळे सांगायला नको.

मुख्यमंत्र्याचा राजीनामा म्हणजे सबंध मंत्रिमंडळाचा राजीनामा. राज्यपाल त्यालाच काळजीवाहू म्हणून थांबायला सांगतात. दरम्यान विधिमंडळ पक्षाची बैठक होते. काँग्रेसमध्ये दिल्लीहून निरीक्षक येत आणि नेतानिवडीचे अधिकार पक्षश्रेष्ठींना देणारा एका ओळीचा ठराव होई. आमदारांची मते निरीक्षक एकेकाला बोलावून विचारत, पण मोजणी जाहीर होत नसे.

मराठवाड्याने राज्याला दिलेले चारही मुख्यमंत्री लातूर-नांदेड पट्ट्यातले आणि त्यांच्यातील दोन बदल याच पट्ट्यात झाले. मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ओढलेल्या ताशेऱ्यांनंतर शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनी मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडले. परीक्षार्थींमध्ये त्यांची कन्या होती. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. निलंगेकरांची आमदारकी मात्र त्या राजीनाम्याने गेली नाही. त्यांच्या जागी केंद्रात गृहमंत्री असलेले नांदेडचे खासदार शंकरराव चव्हाण आले. एका पदपूर्तीतून दुसरी जागा रिकामी होणे, ही साखळी येथे चांगली दिसते. चव्हाण राज्यात परतल्याने नांदेडची लोकसभेची जागा रिकामी झाली आणि १९८७ च्या पोटनिवडणुकीत अशोक चव्हाण तेथून लोकसभेत गेले.

दुसरा बदल डिसेंबर २००८ चा. मुंबईवरील हल्ल्यानंतर ताज हॉटेलच्या पाहणीच्या वेळी अभिनेता असलेला मुलगा आणि एक चित्रपट दिग्दर्शक सोबत असल्यावरून झालेल्या टीकेनंतर विलासराव देशमुख पायउतार झाले आणि ८ डिसेंबर रोजी अशोक चव्हाणांनी शपथ घेतली. हे प्रकरण ‘वैयक्तिक’ म्हणावे की प्रशासकीय अपयशाचे, यावर दुमत आहे. हल्ल्याची जबाबदारी हे मुख्य कारण आणि पाहणी हे निमित्त, हे मत वस्तुस्थितीला अधिक जवळचे दिसते. उपमुख्यमंत्री व गृहमंत्री असलेल्या आर. आर. पाटील यांनीही त्याच आठवड्यात पद सोडले होते. चव्हाणांच्या निवडीवर उघड नाराजी व्यक्त करणाऱ्या नारायण राणे यांना काँग्रेसने निलंबित केले. चव्हाण स्वतः नोव्हेंबर २०१० मध्ये आदर्श सोसायटीतील नातलगांच्या सदनिकांच्या आरोपावरून गेले. तेव्हा मात्र जागा मराठवाड्यात राहिली नाही. ११ नोव्हेंबरला शपथ घेतलेले पृथ्वीराज चव्हाण कराडचे आणि त्या वेळी राज्यसभेचे सदस्य होते. सहा महिन्यांच्या अटीमुळे ते पुढे विधान परिषदेवर आले.

आघाडी-युतीच्या काळात जागा प्रदेशाची नसून पक्षाच्या कोट्याची असते. परळीचे आमदार धनंजय मुंडे यांनी ४ मार्च २०२५ रोजी अन्न व नागरी पुरवठा मंत्रिपद सोडले. मस्साजोग (ता. केज) येथील सरपंचाच्या खुनाच्या प्रकरणात त्यांचे निकटवर्ती मानले जाणारे गृहस्थ आरोपी होते, मुंडे यांनी सद्सद्विवेकबुद्धी व प्रकृती ही कारणे दिली. ती जागा अकरा आठवड्यांनी, २० मे रोजी, त्याच पक्षाचे येवल्याचे आमदार छगन भुजबळ यांना मिळाली आणि खातेही तेच मिळाले. पक्ष टिकला, इतर मागासवर्गीय प्रतिनिधित्व टिकले; जिल्हा व विभाग मात्र बदलले.

सदस्यत्व : आमदाराने आपला राजीनामा सहीनिशी अध्यक्षांच्या (विधान परिषदेत सभापतींच्या) नावे द्यावा लागतो. मुख्यमंत्र्यांच्या, पक्षाध्यक्षाच्या किंवा आंदोलकांच्या हाती दिलेले पत्र या अर्थाने राजीनामा नव्हे. २०१८ व २०२३ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात मराठवाड्यातील काही लोकप्रतिनिधींनी पत्रे दिली. त्यांवरून पोटनिवडणुका झाल्या नाहीत. लोकसभेच्या नियमांत मजकूर एका वाक्याचा ठरलेला आहे आणि जोडलेली कारणमीमांसा अध्यक्ष वगळू शकतात. लांबलचक कैफियत लिहिणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

१९७४ पर्यंत पत्र पोचले की जागा रिकामी होई. गुजरातेतील नवनिर्माण आंदोलनात आमदारांकडून दडपणाखाली राजीनामे घेतले गेल्यानंतर ३३ व्या घटनादुरुस्तीने (१९७४) स्वीकृती आवश्यक केली. राजीनामा स्वेच्छेचा किंवा खरा नाही, असे चौकशीअंती वाटल्यास अध्यक्ष तो नाकारतात (अनुच्छेद १९० (३)). रिक्ततेचा दिवस म्हणजे स्वीकृतीचा दिवस आणि पुढची मुदत तेथून मोजतात.

पोटनिवडणूक सहा महिन्यांत घ्यावी, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १५१ क सांगते. अपवाद दोन : उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असणे, किंवा केंद्र सरकारशी विचारविनिमय करून निवडणूक घेणे कठीण असल्याचे निवडणूक आयोगाने प्रमाणित करणे. पहिल्या अपवादातील ‘उरलेली मुदत’ जागा रिकामी झाल्यापासून मोजायची की नवा सदस्य निवडून येण्याच्या दिवसापासून, यावर न्यायालयांत एकमत नाही. अकोला पश्चिमची जागा नोव्हेंबर २०२३ च्या आरंभी रिकामी झाली, तेव्हा विधानसभेची वर्षाहून थोडी अधिक मुदत उरली होती. तरीही नव्या सदस्याला प्रत्यक्ष मिळणारा काळ वर्षापेक्षा कमी, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेली पोटनिवडणूक रद्द केली. त्याच सुमारास पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने कर्नालची पोटनिवडणूक रोखली नाही. नऊ-दहा महिन्यांसाठी जिल्हाभराची यंत्रणा जुंपण्यापेक्षा नागपूरचा अर्थ व्यवहाराला धरून आहे. भोकरच्या (जि. नांदेड) बाबतीत हा प्रश्नच उद्भवला नाही : अशोक चव्हाण यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये जागा सोडली तेव्हा कोणत्याही मोजणीने वर्ष उरले नव्हते. जागा नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामी राहिली.

अधिसूचनेनंतर सातव्या दिवसापर्यंत अर्ज, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांत माघार आणि माघारीनंतर किमान चौदा दिवसांनी मतदान, असा क्रम आहे. विधानसभेसाठी अनामत १०,००० रुपये (अनुसूचित जाती-जमातींसाठी निम्मी). एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती जप्त होते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. बहुतेक फसगत ‘एबी फॉर्म’वर, म्हणजे हा आपला अधिकृत उमेदवार असे पक्षाने कळवण्याच्या पत्रांवर, होते. तो अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे मूळ शाईच्या सहीनिशी पोचला नाही, तर उमेदवार पक्षाचे चिन्ह गमावतो. पक्षाला उमेदवार ठरवता येत नसला की हा फॉर्म मुंबईहून रात्री निघतो.

मृत्यूनंतरच्या पोटनिवडणुकांत घरातील उमेदवाराला सहानुभूती मिळते. बीड लोकसभेत २०१४ साली सुमारे ६ लाख ९६ हजारांचे मताधिक्य होते. अर्थात ही सहानुभूतीही मोजकी असू शकते : नांदेड लोकसभेत २०२४ साली मताधिक्य १,४५७ वर आले. बदनामीमुळे रिकाम्या झालेल्या जागेवर तेच आडनाव देणे हा पक्षांच्या दृष्टीने कठीण निर्णय असतो. मराठवाड्यात अशा जागी थेट पोटनिवडणूक क्वचित होते, कारण येथे मंत्रिपद सोडले जाते, आमदारकी नाही.

ग्रामपंचायत : सरपंच आपला राजीनामा पंचायत समितीच्या सभापतीकडे देतो, उपसरपंच व सदस्य सरपंचाकडे (महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, कलमे २९ व ३४). सदस्याचा राजीनामा सचिवामार्फत पुढील सभेपुढे येतो आणि तो आपला नाही असे म्हणायचे असल्यास सात दिवसांत जिल्हाधिकाऱ्याकडे वाद न्यावा लागतो. ही तरतूद शोभेची नाही. ‘सव्वा-सव्वा वर्ष’ किंवा ‘अडीच-अडीच वर्षे’ असे गटागटांत ठरवून घेतले की पहिल्याकडून तारीख न टाकलेला राजीनामा आधीच सही करून घेतात. कोणी मुद्रांकावर करार करतो, कोणी देवळात बेलभंडारा उचलायला लावतो. मुदत भरल्यावर दुसरा गट तारीख घालून तो सादर करतो आणि पहिला ‘ही सही माझी, पण मनाने दिलेली नाही’ म्हणून जिल्हाधिकाऱ्याकडे धावतो. मुद्रांकावरच्या कराराला अधिनियमात स्थान नाही.

खासगी प्रकरणावरून गावाने राजीनामा मागितला आणि सरपंचाने दिला नाही, तर अविश्वास ठराव उरतो (कलम ३५) : एक तृतीयांश सदस्यांची तहसीलदाराकडे सूचना आणि सभेत दोन तृतीयांश बहुमत. सरपंच थेट निवडून आलेला असल्यास तीन चतुर्थांश बहुमत आणि वर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने शिक्कामोर्तब. थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. म्हणून प्रथम सरपंच कोणत्या पद्धतीने निवडला गेला हे पाहावे. गावपातळीवर बदनामीपेक्षा तिसरे अपत्य, सरकारी जागेवरील अतिक्रमण आणि जात पडताळणी यांवरून अधिक पदे जातात, हेही खरे.

नवा सरपंच उरलेल्या मुदतीपुरताच असतो आणि पदाचे आरक्षण तेच राहते. अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव पद रिकामे झाले की उमेदवार त्याच प्रवर्गातील हवी. लहान गावात जातवैधता प्रमाणपत्र असलेली दुसरी उमेदवार नसल्याने पद कित्येक महिने तसेच पडून राहते. तोवर उपसरपंच काम पाहतो.

नगरपालिका व जिल्हा परिषदांत सदस्य प्रवर्गानुसार पोटनिवडणुकीने, तर जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सभागृहातून निवडले जातात. तेथेही पद उरलेल्या मुदतीपुरते.

कार्यभार : सत्तांतराची खरी अडचण कागदपत्रांत येते. ग्रामपंचायतीचे बँक खाते सरपंच व ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या संयुक्त सहीने चालते आणि वित्त आयोगाचा निधी दोघांच्या डिजिटल सहीशिवाय निघत नाही. नव्या सरपंचाची सही बँकेत व संगणक प्रणालीत नोंदेपर्यंत पाणीपुरवठ्याची देयकेही थांबतात. रोकडवही, पावतीपुस्तके व शिल्लक यांची मोजदाद करून दोन्ही बाजूंच्या सहीची यादी केली नाही, तर पुढच्या लेखापरीक्षणातील वसुली कोणाच्या नावावर लागणार याचे भांडण वर्षानुवर्षे चालते.

मंत्र्याला शासकीय निवासस्थान पद गेल्यापासून पंधरा दिवस ठेवता येते. खासगी सचिव व विशेष कार्य अधिकारी मूळ खात्यात परत जातात. जिल्ह्याला झळ बसते ती पालकमंत्रिपदाची. हे पद घटनेत नाही, शासन आदेशाने दिले जाते, पण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे असते. राजीनामा देणारा मंत्रीच पालकमंत्री असेल, तर नवा आदेश निघेपर्यंत समितीची बैठक होत नाही आणि मंजुरीसाठी थांबलेल्या कामांच्या याद्या सदस्य-सचिव असलेल्या जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये असे झाल्यास ३१ मार्चला निधी परत जाण्याची धास्ती असते.