दुपट्ट्याखालची बोटं आणि वरचा चेहरा

आमच्या भागातल्या बैलबाजारात सौदा दुपट्ट्याखाली व्हायचा. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरत, वरून दुपट्टा टाकत आणि आत बोटं दाबून भाव सांगत. भोवतीच्यांना दिसायचे फक्त दोन चेहरे, तेही सारवून ठेवल्यासारखे कोरे. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. घेणाऱ्याच्या तोंडावरून भाव ताडायची माझी धडपड पाहून मोठेबाबा म्हणाले, "तोंडाकडे पाहू नोको. मानूस फिरून फिरून याच जोडीपाशी येते का, थे पाह."

चेहऱ्यांचं विज्ञान दीडशे वर्षं वळसे घेत जवळपास इथंच येऊन पोचलं आहे.

१८६२ मध्ये द्युशेन या फ्रेंच डॉक्टरने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन कोणत्या स्नायूने कोणता भाव उमटतो ते नोंदवलं. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपल्या ताब्यात असतो. डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र मनापासून आनंद झाला तरच आकसतो, असं त्याचं मत. म्हणून डोळ्यांच्या कडेला चुण्या पडल्या की हसू खरं, असं आजही सांगितलं जातं. पुढच्या प्रयोगांत दिसलं की तसं हसू बऱ्याच जणांना मुद्दामही आणता येतं.

१९६७-६८ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन पापुआ न्यू गिनीच्या डोंगरातल्या फोरे लोकांकडे गेले. बाहेरच्या जगाशी फारसा संबंध न आलेल्या या लोकांना त्यांनी छोट्या गोष्टी सांगितल्या आणि गोष्टीला जुळणारा फोटो निवडायला लावला. बऱ्याच निवडी अमेरिकेतल्यासारख्याच निघाल्या. राग, भीती, दुःख यांचे चेहरे जगभर सारखेच, हा विचार तिथून रुजला. पण २०१६ मध्ये त्याच देशातल्या ट्रॉब्रिअंड बेटांवर वेगळंच दिसलं. डोळे विस्फारलेला, तोंड वासलेला जो चेहरा आपण 'घाबरलेला' म्हणू, तो तिथल्या बऱ्याच जणांना धमकावणारा वाटला. २०१९ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा मोठा आढावा निघाला. राग आलेली माणसं कपाळाला आठ्या घालतात ती साधारण ३० टक्के वेळाच, असं त्यात आढळलं. बाकी वेळी राग गप्प बसतो, रडतो, कधी हसतोही.

मला सगळ्यात विचारात पाडलं ते २०१२ च्या एका प्रयोगाने. अटीतटीचा गुण जिंकलेल्या आणि हरलेल्या टेनिसपटूंचे फोटो लोकांना दाखवले. नुसता चेहरा दाखवला तेव्हा जिंकलेला कोण नि हरलेला कोण, हे कुणाला सांगता येईना. चेहरा झाकून नुसतं धड आणि हात दाखवले तर लगेच ओळखू आलं. पूर्ण फोटो पाहणाऱ्यांनीही बरोबर ओळखलं, पण ते म्हणाले की आम्हाला हे चेहऱ्यावरून कळलं! आमच्याकडच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, दाणीच्या (धावपट्टीच्या) टोकाशी उभे राहा. जोडी पहिली आलेल्याचं तोंड आणि थोडक्यात पट हुकलेल्याचं तोंड शेजारी ठेवलं, तर दोन्ही तितकीच वेडीवाकडी. आपण उंचावलेले हात, धावत येणारे सोबती, उधळलेला गुलाल असं सगळं पाहतो आणि श्रेय चेहऱ्याला देतो.

याचा फटका गरिबाला बसतो. कर्ज मागायला आलेला शेतकरी साहेबासमोर फरशीकडे पाहत बोलतो, ते लाजेने, धाकाने, मान राखायच्या सवयीने. समोरच्याला वाटतं, हा काहीतरी लपवतोय. खोटं ओळखण्यावरचे शेकडो प्रयोग २००६ मध्ये एकत्र तपासले गेले. लोकांचा अंदाज १०० पैकी ५४ वेळा बरोबर आला होता. नाणं उडवलं असतं तरी ५० वेळा आलाच असता.

आणि दुःख? आपल्याकडे ते अंगातून बोलतं. "डोकं ठनकते", "हातपाय गळून गेले", "जेवन जात नाई." विश्राम नावाच्या प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून नैराश्याबद्दल घराघरात बोलणं सुरू केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी सुमारे ४ टक्के होते. दीड वर्षानंतर ते २७ टक्क्यांवर गेले. नैराश्य ताडायला जगभर जी नऊ प्रश्नांची यादी वापरतात, तिच्यात चेहऱ्याचा उल्लेखसुद्धा नाही. गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, थकवा, कामातलं मन यांची विचारपूस असते. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो विचारल्याने तसे विचार डोक्यात शिरत नाहीत, हे अभ्यासांनी दाखवलं आहे. बोलायला जवळ कुणी नसेल तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

माझ्या ओळखीच्या एका आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एका घरी गेल्या. घरधनी नेहमीसारखा हसला. "या ताई, च्या घ्या. बरं हाये सारं." ताईंची नजर गोठ्याकडे गेली. दरवर्षी आठ दिवस आधीपासून झुली काढून ठेवणारा हा माणूस. यंदा बैलांच्या शिंगांना रंग नव्हता, गळ्यात घागरमाळ नव्हती. ताई बाजेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, रात्री झोप लागते का?"

"लागते ना."

"किती वाजता जाग येते?"

त्याने कप खाली ठेवला. "झोपतोच कुठं, ताई."