मुरगावला या, पणजीला नको : क्रूझच्या ग्राहकांसाठी

तिकीट हातात पडलं की पहिला प्रश्न ठरलेला, "जहाज पणजीत कुठल्या जेटीला लागतं?" पणजीत लागतच नाही. ते वास्कोच्या पुढे, मुरगाव हार्बरला लागतं.

गोंधळ का होतो, ते आम्हाला कळतं. घरातल्या मोठ्यांना मुंबईची आगबोट आठवते. ती भाऊच्या धक्क्यावरून सुटून पणजीला लागायची. शिवाय पणजीतल्या सांता मोनिका जेटीवरून मांडवीत संध्याकाळी फिरवून आणणाऱ्या बोटींनाही लोक क्रूझच म्हणतात. पण कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' हे आपलं जहाज सुमारे २११ मीटर लांब आहे आणि मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूचा दांडा आहे. एवढं धूड आत येणार कसं?

गेल्या हंगामात आमच्या ग्राहकांपैकी एक कुटुंब सामानसुमानासह सांता मोनिकाला उतरलं. तिथून हार्बर तीसेक किलोमीटर. धावतपळत पोचले तेव्हा जहाज धक्क्यालाच होतं, समोर दिसत होतं, पण चेक-इन बंद झालं होतं. आजी मांडीवर लाडवांचा डबा घेऊन गाडीत बसून राहिल्या. तेव्हापासून आदल्या दिवशी आम्ही दोनदा फोन करतो. काहींना तो जाच वाटतो, तरी आम्ही तो करणारच. तिकिटावर सुटायची वेळ वेगळी आणि चेक-इन संपायची वेगळी असते. तुम्ही दुसरी बघा.

"जहाज जुनं आहे म्हणे?" हेही नेहमी विचारतात. हो, १९९० सालचं, फ्रान्समध्ये बांधलेलं. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या ताफ्यात ते 'नॉर्डिक एम्प्रेस' नावाने आलं. आमचं एम्प्रेस मुळात मायामीहून बहामाच्या तीन-चार रात्रींच्या सहलींसाठीच आखलेलं. मुंबई-गोव्यासारख्या छोट्या फेरीला ते म्हणूनच शोभतं. सप्टेंबर २०२१ पासून ते कॉर्डेलियाकडे आहे. वयाकडे बघून नाक मुरडू नका.

म्हापसा, पणजी आणि फोंड्याहून आमची गाडी थेट हार्बरच्या गेटपर्यंत सोडते. तिकिटासोबतच सांगितलंत तर जागा राखून ठेवतो. आधार कार्ड मूळ आणा, मोबाइलमधला फोटो नको. मुलांचंही.